पत्र्याचं घर, निफाडची थंडी आणि हातात दीड हजार

मळ्यातली_सून | ८ डिसेंबर, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती वाचून गुपचूप निघून जाणाऱ्यांतली. पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही निफाडपासून सहा-सात किलोमीटरवर मळ्यात राहतो. दोन खोल्या, पुढे पडवी. विटांच्या भिंती, आतून गिलावा झालाय, बाहेरचा "पुढच्या सीझनला" म्हणत चार वर्षं राहिलाय. वर पन्हळी पत्रा. घरात सासूबाई, सासरे (आम्ही नाना म्हणतो), नवरा, मी आणि सात महिन्यांची लेक.

इथली थंडी तुम्हाला पेपरातून माहीत असेलच. २०१८ च्या डिसेंबरात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा १.८ अंशांवर गेला होता. तेव्हा मी माहेरी नाशकात होते आणि द्राक्षाच्या पानांवर गोठलेल्या दवाचे फोटो सगळ्यांना पुढे पाठवत होते. आता त्याच दवात पहाटे उठून चूल पेटवते.

परवा पहाटे लेक एकदम दचकून रडायला लागली. दुपट्टं बघितलं तर कपाळाजवळ ओलं. वाटलं दूध उलटलं. तेवढ्यात माझ्याच गालावर टप्पकन थेंब पडला. वर टॉर्च मारला तर अख्ख्या पत्र्याला आतून घाम फुटलेला, पन्हळीच्या प्रत्येक उतारावर थेंबांची रांग लटकलेली. बाहेर आभाळ कोरडं ठणठणीत.

त्यात नाना रोज रात्री शेकोटीतले निखारे घमेल्यात भरून आत आणतात आणि दार लावून घेतात. मला भीती वाटते, पण बोलणार कोण?

रूम हीटर घ्यावा का? घेतला तर कोणता? हातात दीड हजार आहेत आणि बिल फार वाढायला नको. सिंगल फेज आहे, रात्री आजूबाजूच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज बसतं.


खटपट्या_वायरमन | ९ डिसेंबर, सकाळी ७:०५

ताई, हीटर घेऊ नका. हे मी वायरमन असून सांगतोय, म्हणजे बघा.

बाजारात सर्रास मिळतो तो दोन हजार वॅटचा. रात्री पाच तास लावलात तर दहा युनिट, महिन्याला तीनशे. तुमच्या घरचं आत्ताचं बिल शंभर युनिटांच्या आत असेल तर पहिल्या स्लॅबमधून थेट वर उडी, म्हणजे युनिटही जास्त आणि दरही जास्त. शिवाय दोन हजार वॅट म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर. मोबाइल लावता तो सॉकेट सहा अँपिअरचा. त्याला हीटर लावला की आधी सॉकेट पिवळा पडतो, मग वास येतो, मग मला बोलावतात.

आणि एवढं करून ऊब जाणार कुठे? गरम हवा वर जाते, वर तुमचा पत्रा. पत्रा म्हणजे अडथळाच नाही. तळाला भोक असलेल्या बादलीत पाणी ओतत बसण्यातला प्रकार. आधी भोक बुजवा.

घमेल्याबद्दल इतर जाणकार बोलतीलच. पण ते आजच बंद करा.


फौजी_सातारा | ९ डिसेंबर, सकाळी ८:४०

घमेल्याबद्दल मी बोलतो. लेहच्या वरच्या बाजूला दोन हिवाळे काढलेत. आमच्याकडे बुखारी असायची, म्हणजे रॉकेलवर चालणारी शेगडी, तिला धुराडं असायचं आणि झोपताना ती विझवायचा हुकूम होता. एका रात्री बाहेर बर्फ साचून धुराडं बुजलं. तंबूत धूर दिसत नव्हता, वास नव्हता. पहिल्यांदा डोकं दुखायला लागलं, मग एकाला उलटी झाली. सुदैवाने तो उलटीसाठी बाहेर पडला आणि तिथेच कोसळला, म्हणून पहाऱ्यावरच्याला कळलं. आम्हाला पाय धरून बाहेर ओढलं.

निखारे लालबुंद असोत की राखेखाली, कार्बन मोनॉक्साइड निघतोच. दिसत नाही, त्याला वास नाही, आणि तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही, हीच त्यातली खरी मेख. "आम्ही वर्षानुवर्षं करतोय" असं नाना म्हणतील. जुन्या घरांना कौलं होती, कौलांच्या फटीतून सगळं निघून जायचं. आता तुम्ही ऊब राखायला फटी बुजवणार, म्हणजे तेच घमेलं आणखी घातक होणार.

शेकोटी पडवीत, मोकळ्यात, मनसोक्त. दाराच्या आत एक निखारा नाही.


कोंबडीवाला_सिन्नर | ९ डिसेंबर, दुपारी १:१५

माझा पोल्ट्रीचा धंदा. वाचून हसू नका, पण तुमच्यापेक्षा माझी पिल्लं सुखात आहेत.

एक दिवसाचं पिल्लू येतं तेव्हा त्याला पहिला आठवडा बत्तीस-तेहेतीस अंश लागतात. शेड माझंही पत्र्याचंच. अख्खं शेड मी गरम करत बसलो तर भिकेला लागेन. मग आम्ही काय करतो? एका कोपऱ्यात गोल आडोसा करतो, खाली दोन-तीन इंच भाताचं तूस पसरतो, वरून दिवा लावतो, आणि बाजूचे पडदे खालून बंद ठेवून वरून वीतभर उघडे ठेवतो, कोंडलेली हवा निघून जायला.

यातलं तूस सगळ्यात महत्त्वाचं. खालची फरशी गार असेल तर वर कितीही दिवे लावा, पिल्लं मरतात. आणि माणसं? शहाबादी फरशीवर एक सतरंजी टाकतात आणि अंगावर तीन गोधड्या घेऊन कुडकुडतात. ताई, अंगावरची एक गोधडी काढून खाली घाला. आजच रात्री. फुकट आहे.


माळवद | ९ डिसेंबर, दुपारी ३:५०

वा, कोंबडीवाले, काय नेमकं बोललात!

माझं बालपण बीडकडच्या माळवदाच्या घरात गेलं. वर लाकडाच्या तुळया, त्यावर किलचं म्हणजे लाकडाच्या चिरफळ्या, त्यावर पाला आणि त्यावर हातभर पांढरी माती. दर उन्हाळ्यात त्यावर नवी माती टाकायची, पावसाळ्याआधी धोपटायची. बाहेर हाडं गोठवणारा गारवा असला तरी आत आलं की कुणीतरी पदराखाली घेतल्यासारखं वाटायचं. दिवसभर मातीने ऊन पिऊन ठेवलेलं असायचं. आमच्या भावांनी ते पाडून स्लॅब टाकला. आता उन्हाळ्यात तापतं आणि हिवाळ्यात... असो. म्हातारपणी माणूस मातीचे गोडवे गातो, कारण माती काढून टाकणारेही आपणच असतो.

अवांतराबद्दल क्षमस्व. मुद्दा एवढाच, की छतात जाडी हवी. मातीची नाही तर कशाची तरी.


टवाळ_कार्टं | ९ डिसेंबर, सायंकाळी ५:३०

रुमाल टाकून ठेवतो. माझ्या भाड्याच्या खोलीत गीझर गरम होईपर्यंत माझा जोश थंड होतो.


लीड्सकर | ९ डिसेंबर, रात्री ११:५५

मी २०२२ मध्ये शिकायला आले त्याच हिवाळ्यात इथे इंग्लंडात गॅस-विजेचे दर भडकले होते. सरकारने १ ऑक्टोबरपासून दरांना लगाम घातला, तरी सर्वसाधारण घराचं वर्षाचं बिल अडीच हजार पाउंडांच्या घरात जाईल असा हिशोब होता. आम्ही पाच मुली एका शंभर वर्षं जुन्या विटांच्या घरात, मीटर प्रीपेड. पैसे संपले की हीटिंग बंद. अभ्यासाला लायब्ररीत जायचो, तिथे ऊब फुकट होती.

त्या हिवाळ्यात शिकलेलं सांगते. आम्ही पाच खोल्या गरम करणं सोडलं आणि संध्याकाळी सगळ्या एकाच खोलीत बसायला लागलो. दाराच्या खाली जुन्या लेगिंगमध्ये चिंध्या भरून लांबलचक साप करून ठेवला. पडदे सूर्य मावळायच्या आत ओढायचे. आणि झोपायच्या आधी अर्धा तास गरम पाण्याची पिशवी अंथरुणात.

पिशवीबद्दल एक: उकळतं पाणी घालू नका, रबर लवकर फाटतं. इथल्या पिशव्यांच्या गळ्याशी एक फूल कोरलेलं असतं, त्याच्या मधोमध कोणत्या वर्षी बनवली ते लिहिलेलं. दोन-तीन वर्षांनी बदलायची. माझ्या मैत्रिणीने आजीची पिशवी भारतातून आणली होती, ती तिसऱ्या रात्री फुटली. नशीब, पायाशी होती.

सगळ्यात मोठी चूक आम्ही केली ती कपडे खोलीत वाळत घालायची. जानेवारीपर्यंत भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी आली. मळ्यातली_सून, तू बाळाची लंगोटं कुठे वाळवतेस?


मळ्यातली_सून | १० डिसेंबर, सकाळी ६:१०

आतच. दोरी बांधून, पलंगावरून. :(

काल रात्री एक गोधडी खाली घातली. सासूबाई सकाळी स्वतःहून म्हणाल्या, "आज कंबर धरली नाही." कोंबडीवाले दादा, नमस्कार घ्या.


खटपट_वायरमन_चा_जावई | १० डिसेंबर, सकाळी ९:००

सासरेबुवांनी मलाही इथे आणलंय. भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून पत्र्याच्या घामाबद्दल दोन ओळी.

रात्री आभाळ निरभ्र असलं की पत्रा आपली उष्णता थेट आकाशात फेकतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. खाली पाच माणसांचे श्वास आणि ओली लंगोटं. रात्रभरात निव्वळ श्वासातून आणि त्वचेतून लिटरभर पाणी खोलीच्या हवेत जातं. ती वाफ गार पत्र्याला लागली की थेंब. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं, तेच. तुमचा तांब्या उलटा आहे, एवढंच.

तेव्हा दोन कामं: वाफ कमी करा, आणि वाफेला पत्र्यापर्यंत पोचू देऊ नका.

गरम पाण्याच्या पिशवीचाही हिशोब केला. दोन लिटर पाणी ७० अंशांवरून ३५ वर येताना साधारण ०.०८ युनिट उष्णता देतं. म्हणजे पांघरुणात दहा वॅटचा दिवा आठ तास. ऐकायला कमी वाटतं, पण ती सगळी माणसाला लागते, पत्र्याला नाही. आणि झोपलेला माणूस स्वतःच सत्तर-ऐंशी वॅटची शेगडी असतो. ती शेगडी नीट झाकली की झालं.


माणदेशी | १० डिसेंबर, दुपारी १२:२०

खाली घालायला घोंगडी बघा की. आमच्याकडं सांगोल्याच्या बाजारात मिळते. अस्सल लोकरीची, सनगरांनी, म्हणजे घोंगडी विणणाऱ्या समाजानं, मागावर विणलेली. चिंचोक्याची खळ दिलेली असते, त्यामुळं नवी घोंगडी पाठीला टोचते आणि पावसात वास मारते. वर्षभर वापरली की मऊ येते. गाडीत, रानात, अंथरायला, पांघरायला, डोक्यावर खोळ करून पावसात, एकच वस्तू. माझ्या आज्याची अजून आहे, कडा तेवढ्या उसवल्यात.

बाजारात घोंगडी म्हणून भलतंच विकतात. एक धागा ओढून जाळून बघा. जळक्या केसाचा वास आला तर लोकर. वितळून गोळी झाली तर परत द्या.


दिल्लीकर_नाइलाजाने | १० डिसेंबर, दुपारी ४:४५

बदलीमुळे सात वर्षं दिल्लीत. इथली सरकारी क्वार्टर्स उन्हाळ्यासाठी बांधलेली, जानेवारीत आत स्वेटर आणि बाहेर उन्हात शर्ट अशी गंमत.

नवीन रजई घेण्यापेक्षा जुन्या गादीतला कापूस पिंजून घ्या. गोळे झालेल्या कापसात हवा राहत नाही आणि ऊब हवेची असते, कापसाची नसते. गावात पिंजारी येत असेल तर त्याला थांबवा. आणि अंथरूण रोज दुपारी दोन तास उन्हात टाका. ओलसर गादी कितीही जाड असली तरी गारच.

उन्हाचं अजून एक: डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडून जातो. नाशिकच्या अक्षांशावर भर दुपारीही तो ४६-४७ अंशांपेक्षा वर चढत नाही. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत लांबवर येतं. ती खिडकी दहा ते चार सताड उघडी, पडदा बाजूला. उत्तरेची खिडकी मार्चपर्यंत बुजवून टाका, बोचरा वारा तिकडूनच येतो.


डॉ_निवांत | १० डिसेंबर, रात्री १०:३०

बाळासाठी थोडं वेगळं बघावं लागेल.

मोठ्यांची जड गोधडी बाळावर नको. तोंडावर सरकली तर त्याला ती बाजूला करता येत नाही. त्याऐवजी पातळ कपड्यांचे थर, पायमोजे. रात्री गरम पाण्याची पिशवी बाळाच्या अंथरुणात ठेवू नये. आधी अंथरूण गरम करून पिशवी काढून घ्यावी, मग बाळाला निजवावं. ऊब बरोबर आहे का ते हातापायांवरून ठरवू नका, ते गारच असतात. मानेच्या मागे बोटं लावून बघा. घाम असेल तर एक थर काढा.

आणि बाजेखाली शेगडी ठेवून शेक-धुरी द्यायची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे. सासूबाईंच्या मायेबद्दल शंका नाही. पण बंद खोलीत ते करू नका, फौजींनी कारण सांगितलंच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत घराच्या आत किमान १८ अंश असावेत असं म्हटलंय. आपल्याकडे पत्र्याच्या घरात ते जमणं अवघड आहे, हे मलाही कळतं. निदान बाळ आणि नाना झोपतात तो कोपरा त्यातल्या त्यात उबदार ठेवा.


मळ्यातली_सून | १५ डिसेंबर, रात्री १०:०५

सगळ्यांचे आभार. रविवारी काम काढलं. सविस्तर लिहिते.

आधी नाना. घमेल्याचा विषय मी काढलाच नाही, फौजी काकांचा प्रतिसाद नवऱ्याने मोठ्याने वाचून दाखवला. नानांनी ऐकून घेतलं, काही बोलले नाहीत, विडी काढून पडवीत गेले. निखारे मात्र त्या रात्रीही आत आलेच. मग दुसऱ्या दिवशी बागेत एक गंमत झाली. सध्या आमच्याकडे द्राक्षाच्या घडांना पेपर लावायचं काम चालू आहे. पिंक बेरी येऊ नये, म्हणजे हिरवे मणी गुलाबी पडू नयेत म्हणून एकेका घडाला रद्दीचा कागद गुंडाळतात. मी लेकीला घेऊन बांधावर बसले होते. म्हटलं, "नाना, घडांना पेपर घालता, मग घराला का नको?" ते कागदाचं टोक मुडपत होते, तसेच थांबले. म्हणाले, "घराचा घड केवढा, माहितंय का?" आणि संध्याकाळी पॅकहाऊसमधून टाकाऊ बॉक्स आणायला नवऱ्याला त्यांनीच सांगितलं.

तर छत असं केलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत बागेतल्या जुन्या तारा ताणल्या, बांबूच्या चार कामट्या आडव्या. त्यावर द्राक्षाचे पुठ्ठ्याचे बॉक्स चपटे करून तीन थर, सांधे एकावर एक येणार नाहीत असे, मधे रद्दी. खालून सासूबाईंच्या दोन जुन्या नऊवारी शिवून लावल्या, नाहीतर कोंदट गोदाम वाटलं असतं. बॉक्स फुकट, रद्दी फुकट. सुतळी, खिळे, चिकटपट्टी मिळून दोनशे चाळीस रुपये.

भिंत आणि पत्रा मिळतात तिथल्या पन्हळीच्या फटी बारदानाच्या चिंध्यांनी बुजवल्या. उत्तरेच्या खिडकीला खताच्या गोण्या दुहेरी शिवून ठोकल्या. दोरी पडवीत गेली. गरम पाण्याच्या दोन पिशव्या घेतल्या. नाना-सासूबाईंच्या अंथरुणाखाली तणसाने भरलेली बारदानं.

बागेतला तापमापक आत-बाहेर करून बघितला. आधी पहाटे पाचला बाहेर ६ आणि आत साडेआठ होतं. छत झाल्यावर, बाहेर तितकंच असताना आत साडेबारा. चार अंश! दीड हजारातले जवळपास निम्मे शिल्लक आहेत.

पण. आज सकाळी बॉक्सचा वरचा थर ओला लागला. आता काय करू?


टवाळ_कार्टं | १५ डिसेंबर, रात्री १०:२०

"घराचा घड केवढा" यासाठी नानांना माझा साष्टांग.


कोंबडीवाला_सिन्नर | १५ डिसेंबर, रात्री १०:४५

वरून फ्लेक्स टाका. ताडपत्रीला पैसे घालवू नका. निवडणुका, वाढदिवस, दहावा, कशाचेही जुने फ्लेक्स गावात मिळतील. पत्र्याखाली उतरता बांधायचा, थेंब त्यावर पडून भिंतीकडे जातील, तिथे पन्हाळ.


खटपट_वायरमन_चा_जावई | १५ डिसेंबर, रात्री ११:१०

थोडं थांबा. वरून फ्लेक्स लावला तर खालून जाणारी वाफ त्याच्या खालच्या बाजूला अडेल आणि बॉक्स तिथून भिजतील. फ्लेक्स हवा तो बॉक्सच्या खाली, ऊबेच्या बाजूला, साडीच्या वर. म्हणजे वाफ बॉक्सपर्यंत जाणारच नाही.


कोंबडीवाला_सिन्नर | १५ डिसेंबर, रात्री ११:१८

सर, पुस्तकात बरोबर असेल. माझ्या शेडात वीस वर्षं वरून आहे.


खटपट_वायरमन_चा_जावई | १५ डिसेंबर, रात्री ११:३२

तुमचं शेड बाजूने वीतभर उघडं असतं, हे तुम्हीच वर लिहिलंय. वाफ तिथून निघून जाते, म्हणून चालतं. यांनी सगळ्या फटी बुजवल्यात.


कोंबडीवाला_सिन्नर | १५ डिसेंबर, रात्री ११:४०

हं. हे मान्य.

मग दोन्ही करा. खाली एक फ्लेक्स वाफेसाठी, वर एक उतरता थेंबांसाठी. मधे बॉक्स. आणि वरचा फ्लेक्स नि पत्रा यांच्यात वीतभर पोकळी ठेवून तिच्या दोन्ही टोकांच्या फटी उघड्या करा. तेवढ्या फटीतले बोळे काढा, ताई. खोलीच्या बाजूचे राहू द्या. मात्र खोलीचं एक झरोकं वर उघडं हवंच, पाच माणसं झोपताय.


खटपट्या_वायरमन | १६ डिसेंबर, सकाळी ७:००

जावयाशी कुणीतरी वाद घालून बरोबरीत सुटलं, हे बघून बरं वाटलं.

ताई, छताला आता पुठ्ठा, कागद, फ्लेक्स आहे. वरून एकही वायर जाऊ देऊ नका. दिव्याचा होल्डर छतावरून काढून भिंतीवर घ्या, एलईडीच लावा. चूल त्या खोलीत असेल तर हे छत चालणारच नाही.


मळ्यातली_सून | १६ डिसेंबर, दुपारी २:१५

चूल पडवीच्या टोकाला आहे. होल्डर आजच हलवते.


मळ्यातली_सून | २८ डिसेंबर, रात्री ९:३०

सांगायचं राहिलं होतं. दोन्ही फ्लेक्स लागले. गावातून सहा मिळाले, शंभर रुपये चहापाण्याला. खालचा फ्लेक्स छापील बाजू वर करून लावायचा ठरला होता, पण नवऱ्याने घाईत उलटा बांधला. साडी मधे थोडी विरलेली आहे, तिथून एका भावी सरपंचांचे जोडलेले हात दिसतात. लेक त्यांच्याकडे बघून हसते.

बॉक्स आठ दिवस कोरडे आहेत. थेंब नाही. पहाटेचा आकडा बारा-तेराच्या आसपास असतो. १८ नाहीच झाले, डॉक्टर, पण लेकीची मान उबदार असते.

नाना आता निखारे पडवीतच ठेवतात. रात्री झोपायच्या आधी आणि पहाटे बागेत ठिबक सुरू करायला उठले की तापमापकाजवळ जाऊन चष्मा लावून बघतात आणि आतला-बाहेरचा फरक मोठ्याने सांगतात. काल सात अंशांचा होता, तर शेजारच्या वस्तीवर फोन करून कळवला. त्यांच्याकडेही पत्राच आहे.

उरलेल्या पैशांत घोंगडी बसली नाही. माणदेशी, फेब्रुवारीत माल गेला की बघू.

एकच नवीन तक्रार. परवापासून रात्री छतात खुडबुड ऐकू येते. बॉक्समध्ये उंदीर झालेत.


माळवद | २८ डिसेंबर, रात्री ९:५०

उंदरांमागे धामण येते, जपा. बॉक्सच्या उघड्या कडा चिकटपट्टीने बंद करा आणि थंडी सरली की सगळं उतरवून जाळून टाका, दरवर्षी नवे बॉक्स. माळवदातही हाच वनवास होता, तेवढं मघाशी सांगायचं विसरलो.


टवाळ_कार्टं | २८ डिसेंबर, रात्री १०:०२

मांजर आणा. उंदीरही धरेल, पायाशी झोपेल. पाणी बदलायला नको, फुटायची भीती नाही.


मळ्यातली_सून | २८ डिसेंबर, रात्री १०:१५

शेजारच्या वस्तीवर तीन पिल्लं आहेत. नाना हो म्हणालेत. सासूबाईंना अजून कुणी सांगितलेलं नाही.